‘काही नाही’ म्हणणाऱ्याला तपासायचं कसं?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या लालबागच्या गल्लीत मोफत आरोग्य तपासणी शिबिर झालं. मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात चहाचा थर्मास आणि फ्लेक्सवर तपासण्यांच्या नावांपेक्षा फोटो जास्त. मी धाकट्या भावाला घेऊन गेलो. रक्तदाबाच्या टेबलावरच्या मुलीने त्याला अगदी प्रेमाने विचारलं, “काका, काय त्रास होतो तुम्हाला?” तो म्हणाला, “काही नाही.” तिने कागदावर ‘तक्रार नाही’ असं लिहिलं. मग दंडाला पट्टा गुंडाळायला गेली तर त्याने हात मागे घेतला. तिने ‘सहकार्य नाही’ असं लिहिलं आणि पुढच्याला बोलावलं. वजन तेवढं झालं. दोन मिनिटांत आम्ही मांडवाबाहेर.

त्या मुलीवर माझा राग नाही. तिच्यापुढे रांग होती आणि तिला शिकवलेलंच असं, की माणूस तक्रार सांगतो आणि आपण ती लिहून घेतो. पण ज्याला तक्रार सांगताच येत नाही त्याचं काय करायचं, हे तिला कोणी शिकवलेलं नाही. त्याबद्दलच हे पत्र आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्यावं.

माझा भाऊ सत्तेचाळीस वर्षांचा आहे, पण घरात त्याला अजून बाळच म्हणतात. त्याला जन्मापासून डाउन सिंड्रोम आहे. जुन्या प्रमाणपत्रावर ‘मतिमंद’ होतं, नव्या कार्डावर ‘बौद्धिक अक्षमता’ आलं. शब्द बरा झाला, एवढं मान्य. वडील गिरणीत होते, संप झाला तेव्हा बाळ चार वर्षांचा. मी बेस्टमध्ये तेहतीस वर्षं वाहक होतो. २०१९ मध्ये आई गेली, तेव्हापासून बाळचं सगळं मी आणि माझी बायको बघतो.

बाळला काहीही विचारा, उत्तर ‘काही नाही’. भूक लागली? काही नाही. पडलास का? काही नाही. एकदा गॅलरीत दाराच्या फटीत बोट चेंगरलं, नख काळंनिळं झालं, तरी काही नाही. आईला मात्र त्याच्या ‘काही नाही’मधले फरक कळायचे. स्वयंपाकघरातून नुसता आवाज ऐकून ती म्हणायची, “अरे, पोटात दुखतंय त्याच्या, ओवा दे.” ती गेली आणि ते ओळखणारं घरात कोणी उरलं नाही.

चारेक वर्षांपूर्वी बाळ हळूहळू बसका होत गेला. आधी तो सकाळी उठून दूध आणायला माझ्याबरोबर यायचा, मंडळाच्या पोरांना खुर्च्या लावू लागायचा, गणपतीत तर त्याला घरी आणावं लागायचं. ते सगळं सुटलं. गॅलरीतल्या स्टुलावर बसला की बसला. वजन वाढलं, आवाज जाड झाला, चार-चार दिवस पोट साफ नाही. हाक मारली तर बघायचाही नाही. कधीकधी स्वतःच्याच कानावर थापड मारायचा. भाकरी खायची बंद केली, नुसता आमटीभात. शेजारी म्हणाले, वय झालं आता त्याचं, या मुलांचं लवकर होतं. बायको म्हणाली, आईची आठवण काढतो. मी म्हणालो, हट्टी झालाय.

इथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे. आमच्याकडे माझा जुना तिकीट पंच आहे. तिकिटाची मशीन आल्यावर तो मी मागून घेतला होता. संध्याकाळी मी पंच ‘टिक टिक’ वाजवला की बाळ कुठेही असो, हात पुढे करायचा आणि म्हणायचा, “लालबाग, एक.” मी खोटं तिकीट द्यायचो. वीस वर्षं हा खेळ चालू होता. मग एका संध्याकाळी मी वाजवला आणि त्याने वळूनही पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच. मी पंच कपाटात ठेवून दिला. मला वाटलं, कंटाळला. गर्दीच्या बसमध्ये मागच्या दाराला कोण चढलं हे न बघता ओळखणारा मी, पण घरातल्या माणसाला ऐकू येत नाही हे मला कळलं नाही.

एका मोठ्या रुग्णालयात दाखवलं. नाव लिहीत नाही, कारण हे कुठेही घडलं असतं. पहाटे पाचला केसपेपरच्या रांगेत उभा राहिलो, साडेअकराला नंबर लागला. डॉक्टरांनी बाळकडे न बघता मला विचारलं, “एमआर आहे ना? मग असं होतंच.” एमआर म्हणजे तोच जुना ‘मतिमंद’, इंग्रजीत. कानावर मारून घेतो म्हटल्यावर झोपेची गोळी लिहून दिली. रक्त काढायला पाच जणांनी त्याला धरलं, सुई दोनदा निसटली, शेवटी ‘राहू द्या’ म्हणाले. त्यानंतर दीड वर्ष बाळ पांढरा कोट दिसला की जिन्यातच बसकण मारायचा. गोळीने तो आणखी झोपाळला, आणि घरात शांतता झाली म्हणून खोटं कशाला बोलू, आम्हालाही थोडं बरंच वाटलं.

हे थांबलं ते योगायोगाने. माझ्या बायकोच्या कानाला त्रास होता म्हणून आम्ही कान-नाक-घशाच्या एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो. बाळला घरी एकटं कसं ठेवायचं, म्हणून तोही बरोबर. बाई बायकोला तपासता तपासता त्याच्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, “यांचेही कान बघू का?” मी म्हटलं, बघू देणार नाही. त्या म्हणाल्या, घाई नाही.

आधी त्यांनी तो बॅटरीचा नळा माझ्या कानाला लावला. मग तो बाळच्या हातात दिला आणि म्हणाल्या, “बघा, दादाच्या कानात काय आहे.” बाळने डोळा लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, “अंधार.” दवाखान्यातले सगळे हसले, तोही हसला. तिसऱ्या मिनिटाला त्याने स्वतःहून मान वाकडी केली. दोन्ही कान मळाने गच्च भरले होते, पडदा दिसतच नव्हता. पाच दिवस थेंब घातले, सहाव्या दिवशी पुन्हा गेलो. उजव्या कानातून निघालेला गोळा चिंचोक्याएवढा होता, काळा आणि कडक. बाईंनी तो कापसावर ठेवून बाळला दाखवला. त्याने तिकडे पाहिलंच नाही. तो वर बघत होता. म्हणाला, “पंखा वाजतोय.”

घरी येऊन मी कपाटातून पंच काढला.

बाईंनी तेवढ्यावर सोडलं नाही. त्या म्हणाल्या, डाउन सिंड्रोम असलेल्यांच्या कानाची वाट जन्मतःच अरुंद असते, मळ साठतोच, म्हणून कान ठरलेल्या वेळेला दाखवायचे, दुखायची वाट बघायची नाही. थायरॉइडचा आजारही यांच्यात खूप जास्त आढळतो, त्याचं रक्त वर्षातून एकदा तपासायला हवं. मोतीबिंदू लवकर होऊ शकतो. झोपेत श्वास अडकतो, तो आपण घोरणं समजतो. विसरण्याचा आजारही चाळिशी-पन्नाशीतच डोकं वर काढू शकतो, पण त्याचा शिक्का मारण्याआधी कान, डोळे आणि थायरॉइड बघून घ्यायचे, कारण तिन्हींनी माणूस तसाच मंद दिसतो. हे सगळं मला तेव्हा, माझ्या भावाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, पहिल्यांदा कळलं.

रक्ताला या वेळी आमच्या ओळखीचा लॅबवाला घरी आला, साध्या शर्टात. बाळच्या एका हातात पंच दिला, तो वाजवत राहिला, दुसऱ्या हातातून रक्त निघालं. टीएसएच, म्हणजे थायरॉइड नीट चालतं का हे सांगणारा आकडा, साठाच्या वर. साधारण चार-पाचपर्यंत चालतं म्हणतात. रोज सकाळी उपाशीपोटी एक लहानशी गोळी सुरू झाली. तीन-चार महिन्यांत पोट सुधारलं, आवाज मोकळा झाला, माणूस स्टुलावरून उठला. भाकरी सोडण्यामागे किडलेली दाढ होती, आत पू झालेला. ते प्रकरण वेगळंच लांबलं, भूल देऊन काढावी लागली, आता भाकरी खातो. झोपेची गोळी डॉक्टरांना विचारून बंद केली.

म्हणजे कान, थायरॉइड, दाढ. तिन्ही आजार असे, की तुम्हाला-मला झाले असते तर आठवड्याभरात दवाखाना गाठला असता. बाळने ते दोन-अडीच वर्षं अंगावर काढले, कारण त्याच्या प्रत्येक लक्षणाचं उत्तर आमच्याकडे आधीच तयार होतं : तो तसाच आहे. बोलणाऱ्याची बोरं विकतात म्हणतात. दवाखान्यातही तोच व्यवहार आहे.

माझी भाची इंग्लंडमध्ये नर्स आहे. तिला फोनवर हे सांगितलं तर म्हणाली, “मामा, इथे बाळमामाला दरवर्षी डॉक्टरांकडून बोलावणं आलं असतं.” तिथे अशा माणसांना ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ असलेले म्हणतात. आपल्याकडे तो शब्द ऐकला की लोकांना वाचता-लिहिताना अडखळणारी शाळकरी मुलं आठवतात. तिथे त्याचा अर्थ आपण ज्याला बौद्धिक अक्षमता म्हणतो तोच. नेहमीच्या डॉक्टरकडे त्यांची वेगळी यादी असते, आणि यादीतल्या चौदा वर्षांवरच्या प्रत्येकाला वर्षातून एकदा तपासणीला बोलवायचं अशी पद्धत आहे. आजारी असो वा नसो. वजन, रक्तदाब, कान, डोळे, पाय, शौचाला होतं का, फिट येतात का, चालू गोळ्यांची अजून गरज आहे का, लस राहिली आहे का, असं सगळं विचारतात आणि शेवटी पुढच्या वर्षात काय करायचं ते कागदावर लिहून देतात.

तिथे सगळं आलबेल आहे असं भाची म्हणत नाही. अनेक जण तपासणीविना राहतात. पण तिथे बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाचा मृत्यू झाला की तो कशाने झाला, टाळता आला असता का, याचा आढावा घेतात. २०२१ सालच्या मृत्यूंच्या आढाव्यात निघालं, की त्यांतले ४९ टक्के मृत्यू टाळता येण्याजोगे होते. बाकीच्या लोकांत हेच प्रमाण २२ टक्के. साध्या बद्धकोष्ठतेकडे दुर्लक्ष झाल्यानेही तिथे माणसं दगावली आहेत. हे ऐकल्यावर मला बाळचे ते चार-चार दिवस आठवले आणि रात्रभर झोप लागली नाही.

आपल्याकडे काय आहे, हेही मी शोधलं. निवृत्त माणसाला वेळ असतो. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. अंगणवाडीत, शाळेत पथक येऊन मुलांना तपासतं. छान योजना आहे, पण ती अठराव्या वर्षी संपते. विशेष शाळाही साधारण त्याच वयात सुटते. म्हणजे ज्या वयापासून थायरॉइड, दात, वजन, साखर यांचे उद्योग सुरू होतात, नेमक्या त्याच वयात या मुलांकडे बघणारे सगळे डोळे एकदम मिटतात. उरतात ते फक्त आईवडील, आणि पुढे त्यांचेच डोळे अधू होतात.

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. त्याच्या पंचविसाव्या कलमात घराजवळ मोफत उपचार (उत्पन्नाच्या मर्यादेत), रुग्णालयात अडथळ्याविना वावर आणि तपासणीत प्राधान्य, असं लिहिलेलं आहे. आमच्या अनुभवात प्राधान्य म्हणजे रांगेत पुढे घेणं, तेही कोणी भला शिपाई भेटला तर. दोन मिनिटांचा नंबर लवकर लागला म्हणून ती दहा मिनिटं होत नाहीत. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ विमा योजना आहे, एक लाखापर्यंतची. बाहेरच्या बाहेर होणारे उपचार तिच्यात बसतात आणि आजार नसतानाची नियमित तपासणीही धरलेली आहे. म्हणजे कागद करणाऱ्याला ही गरज ठाऊक होती! पण आधी आपण खर्च करायचा, मग बिलं पाठवायची. आणि मुळात तपासणी मागायला जायचं कोणी? ज्याला माहीत आहे त्याने. मला पंचेचाळीस वर्षं माहीत नव्हतं. २०११ च्या जनगणनेत देशात अशी पंधरा लाख माणसं मोजली गेली होती. त्यांच्या घरच्यांपैकी किती जणांना माहीत असेल?

मला वाटतं, आपलं सगळं ‘या आणि सांगा’वर चाललं आहे, तिथेच गफलत आहे. आपल्याला दुसरी रीत येत नाही असंही नाही. पल्स पोलिओच्या वेळी आमच्या चाळीच्या प्रत्येक दारावर खडूच्या खुणा असायच्या. रविवारी बूथवर जे मूल आलं नाही त्याच्या दारात सोमवारी बाई डबा घेऊन हजर. मी स्वतः ड्यूटीवर असताना डेपोच्या दाराशी पोरांची बोटं शाईने रंगवताना पाहिली आहेत. मूल बोलत नाही, त्याला त्रास सांगता येत नाही, म्हणून आपण त्याच्याकडे जायचं, हे तेव्हा सगळ्यांना पटलं होतं. २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला तो असा. माझा बाळही बोलत नाही. फक्त त्याला मिशा आहेत.

म्हणून महापालिकेच्या आरोग्य खात्याकडे माझं एकच मागणं आहे. ज्यांच्या दिव्यांग कार्डावर बौद्धिक अक्षमता लिहिलेली आहे, त्या अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाला वर्षातून एकदा, त्याच्या वाढदिवसाच्या महिन्यात म्हणा हवं तर, घराजवळच्या दवाखान्यातून बोलावणं जावं. कार्ड काढताना पत्ता आणि मोबाइल नंबर दिलेला असतो, यादी नव्याने करायची गरज नाही. २०२२ पासून शहरात ‘आपला दवाखाना’ सुरू झाले आहेत, तिथे १४७ तपासण्या मोफत होतात असं सांगितलं जातं. एवढ्या जवळ, एवढी लहान जागा या कामाला मोठ्या रुग्णालयापेक्षा शंभर पटीने बरी. गर्दी नसेल अशी वेळ द्या, अर्धा तास द्या. पहिल्या खेपेला सुई आणूच नका, नुसती जागा आणि डॉक्टर दाखवा. आणि एक छापील कागद ठेवा, म्हणजे डॉक्टर बदलले तरी कान बघायचे राहणार नाहीत. वेळ कुठे आहे, असं डॉक्टर म्हणतील. बरोबरच आहे. पण बाळच्या दाढेवर, भुलेवर, दोन वर्षांच्या नको त्या गोळ्यांवर जो वेळ गेला तोही कुठल्या तरी डॉक्टरचाच होता.

नगरसेवक आणि मंडळांनाही विनंती. पुढच्या शिबिरात एक टेबल जिन्याजवळ, लाउडस्पीकरपासून लांब लावा. तिथे बसणाऱ्याला सांगा, की माणसाला ‘काय त्रास होतो’ असं विचारू नका. घरच्यांना विचारा, ‘सहा महिन्यांपूर्वी करत होता आणि आता करत नाही, असं काय आहे?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं. मला तो कोणी विचारला नाही.

मी आता सहासष्ट वर्षांचा आहे. आमच्यामागे बाळला धाकट्या बहिणीची मुलगी बघणार आहे, तशी तिने कबुली दिली आहे. तिच्यासाठी एक कागद लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. आई होती तोवर असा कागद लागला नव्हता. थायरॉइडची गोळी उठल्या उठल्या, चहा त्यानंतर अर्ध्या तासाने. थायरॉइडचं रक्त दर मार्चमध्ये, लॅबवाल्याला साध्या शर्टात ये म्हणावं. कान दिवाळीआधी आणि शिमग्यानंतर. डोळे वर्षातून एकदा. शौचाचं कॅलेंडरवर खूण करून ठेवणे, तीन दिवस खूण नसेल तर डॉक्टरांना फोन. कशालाही ‘काही नाही’ म्हणाला तर विश्वास ठेवू नये. पंच खालच्या खणात, डाव्या बाजूला. रोज संध्याकाळी एकदा त्याच्या पाठीमागून वाजवून बघणे.

आपला,
एक निवृत्त बेस्ट वाहक,
लालबाग, मुंबई
(भावासाठी नाव छापू नये ही विनंती, नाव-पत्ता सोबत वेगळा दिला आहे.)